जुन्या मोटारीचा ताप



या व्यासपीठावरून आपण इतिहास, अर्थकारण, वेदान्त, काव्य असे विषय ऐकत आला आहात. त्यांच्या पंक्तीला मोटारीचा रेडिएटर येऊन बसावा, याचे काहींना नवल वाटेल. पण विषय अगदीच अवेळी आलेला नाही. वसंतात आपली व्याख्याने भरतात, आणि वसंतातच आपल्या जुन्या गाड्या तापतात. मुलांच्या परीक्षा संपल्या, गाडीत सामान भरले, घाट लागला, आणि अर्ध्या वाटेवर बॉनेटमधून वाफ निघू लागली, हा अनुभव या मंडपात बसलेल्या अनेकांच्या घरी असेल.

जुनी गाडी म्हणताना माझ्यासमोर मुख्यतः पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात आरंभी ती फियाट म्हणून बनत असे, आणि पुष्कळांच्या तोंडी ती आजही फियाटच आहे. तिच्या जोडीला उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभीच थांबले, अ‍ॅम्बॅसडरचे २०१४ साली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरल्या. तरीही कुणाची वडिलांची आठवण म्हणून, कुणाची हौस म्हणून, अशा गाड्या अजून धावत आहेत. त्या धावत राहाव्यात असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी आजचे बोलणे आहे. कारण या गाड्या भंगारात जातात त्या पुष्कळदा मरणाने नव्हे, चुकीच्या निदानाने. गाडी दोनदा उकळली, फिटरने मान हलवली, ‘साहेब, इंजिन गेलं’ म्हणाला, आणि मालकाने ती फुंकून टाकली! वास्तविक गेला असतो कधी एखादा रबरी नळ, कधी एखादा पट्टा.

आपण ‘गाडी तापली’ म्हणतो, आणि माणसालाही ‘ताप आला’ म्हणतो. भाषेने येथे मोठे शहाणपण केले आहे. ताप हे लक्षण होय. रोग दुसरीकडे असतो. जुने वैद्य तापकऱ्याला पाहताच पहिला प्रश्न विचारीत तो हा, की ताप चढतो केव्हा? रोज येतो, दिवसाआड येतो, की हुडहुडी भरून दर तिसऱ्या दिवशी येतो? त्या एका उत्तरावरून निम्मे निदान होई. मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारीत नाही. बॉनेट आधी उघडले जाते आणि विचार मागाहून सुरू होतो. मला आज आग्रहाने एवढेच सांगावयाचे आहे, की पाना हातात घेण्यापूर्वी ‘केव्हा’ हे विचारावे.

ते नीट कळावे म्हणून आधी थोडा हिशेब करू. बोरघाट घ्या. गाडी माणसे-सामानासह सव्वा टन धरली, आणि खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत ती सुमारे ५०० मीटर उंच चढली असे मानले, तर नुसते ते वजन वर उचलण्याचे काम सुमारे १,४५० किलोकॅलरी होते. चाकांचे घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा मी सोडून देतो. पेट्रोलमधील उष्णतेचा साधारण चौथा हिस्साच इंजिन कामाला लावू शकते. म्हणजे या चढणीसाठी पाऊण लिटर पेट्रोल जळते. उरलेल्या उष्णतेपैकी बरीचशी धुराबरोबर जाते, आणि जवळजवळ कामाइतकीच, म्हणजे पुन्हा १,४०० - १,५०० किलोकॅलरी, सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात उतरते. आता गाडीत पाणी किती? सहा लिटर समजू. ते ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापावयास फक्त ४२० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे रेडिएटरने आपले काम मुळीच केले नाही, तर घाटाचा तिसरा हिस्सा चढण्याच्या आतच पाणी उकळेल. तेव्हा गाडी का तापते, हा प्रश्न उलटा केला पाहिजे. एरवी ती तापत कशी नाही, हेच खरे नवल आहे.

ती तापत नाही याचे कारण एक छोटे रहाट. पट्ट्यावर फिरणारा पंप रेडिएटरच्या तळाचे निवलेले पाणी ओढून इंजिनाला देतो. इंजिनातून तापलेले पाणी वरच्या नळाने रेडिएटरच्या माथ्यावर येते. तेथून बारीक पितळी नळ्यांतून खाली उतरताना वारा त्याची उष्णता काढून घेतो. वारा कधी गाडीच्या वेगाने मिळतो, कधी पंख्याने. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक द्वारपाल बसलेला असतो. त्याच्या पोटात मेण असते. पाणी तापले की मेण वितळून फुगते आणि दार उघडते. आणि वर झाकण, ज्याविषयी मला थोडे सविस्तर बोलले पाहिजे.

रेडिएटरचे झाकण हे डब्याचे झाकण नव्हे; ती प्रेशर कुकरची शिटी आहे. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते, कारण दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास जाते. रेडिएटरच्या झाकणातही स्प्रिंग असते. तिचा दाब समजा सात पौंड असेल, तर पाणी १११ अंशांपर्यंत उकळत नाही. महाबळेश्वराला, साडेतेराशे मीटर उंचीवर, उघडे पाणी साडेपंचाण्णव अंशांनाच उकळते. तेथे या स्प्रिंगचा उपकार विशेष कळतो. स्प्रिंग मरगळली की धडधाकट गाडीही घाटात उकळू लागते. हा रोग दोनतीनशे रुपयांत बरा होतो, आणि तो ओळखता न आल्याने लोक हजारोंचा रेडिएटर बदलतात.

परंतु याच झाकणाने माणसे भाजतात. गरम गाडीचे झाकण उघडले की दाब नाहीसा होतो, आणि १११ अंशांचे पाणी क्षणात १०० अंशांवर येऊ पाहते. जास्तीची उष्णता वाफेच्या रूपाने बाहेर पडते. सहा लिटर पाण्यापैकी फक्त सव्वाशे ग्रॅमची वाफ होते, पण त्या वाफेचा आकार होतो सुमारे दोनशे लिटर. रॉकेलचे एक मोठे पिंप डोळ्यांसमोर आणा. तेवढी वाफ, उकळते पाणी बरोबर घेऊन, एवढ्याशा तोंडातून, झाकणावर वाकलेल्या चेहऱ्यावर येते. फडके धरून हळूच उघडतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी तसे करू नये. वरचा नळ हाताला सोसेल इतका निवेपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, झाकणाला हात लावू नये. घरातल्या मंडळींना आणि पगारी ड्रायव्हरला हे आधीच बजावून ठेवावे.

आता पुन्हा ‘केव्हा’ या प्रश्नाकडे येतो.

गाडी गर्दीत, सिग्नलला, लग्नाच्या वरातीमागे तापते, आणि मोकळ्या रस्त्याला लागताच काटा खाली येतो. याचा अर्थ पाणी ठीक फिरत आहे, वाऱ्याची वाण आहे. वेगात निसर्ग फुकट वारा देतो. थांबल्यावर सगळी भिस्त पंख्यावर. तेव्हा पट्टा सैल आहे का ते बोटाने दाबून पाहावे. इंजिन बंद करून, हे सांगावयास नकोच. पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर कुणा फिटरने ‘अडचण होते’ म्हणून काढून ठेवला आहे का, तेही पाहावे. आणि रेडिएटरच्या जाळीत चिखल, किडे, शेवरीचा कापूस भरला असेल, तर इंजिनाच्या बाजूने पाण्याची हलकी धार मारून तो बाहेर काढावा.

याच्या उलट, गावात गाडी थंड असते आणि हमरस्त्यावर साठ-सत्तरचा वेग धरला की तापते. येथे वारा भरपूर आहे, तेव्हा पाणी पुरेसे वाहत नाही असा संशय धरावा. माझ्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांच्या पद्मिनीला नेमका हा विकार जडला. एका गॅरेजने रेडिएटर उकलून सळया मारून दिला. दुसऱ्याने नवा पंप बसवला. तिसऱ्याने थर्मोस्टॅट काढून फेकला. ताप कायम! सर गाडी विकावयास निघाले होते. मी त्यांना एवढेच विचारले, की सर, तापते केव्हा? ते म्हणाले, ‘साताऱ्याच्या रस्त्याला लागलो की. पेठेत कधीच नाही.’ गाडी दारात उभी करून, बॉनेट उघडे ठेवून, मी त्यांना रेस वाढवावयास सांगितले आणि खालच्या नळाकडे पाहत राहिलो. इंजिनाचा आवाज चढला तसा तो नळ, आपण ओठांनी ओढलेल्या कागदी नळीसारखा, मधोमध चपटा झाला. पंप खालून पाणी ओढतो. नळाचे रबर मऊ पडले होते आणि आतली तारेची स्प्रिंग केव्हाच गंजून गेली होती. गावातल्या वेगात ओढ कमी, म्हणून नळ तग धरी. तिन्ही गॅरेजांत गाडी उभी असताना, इंजिन मंद चालू असताना तपासली गेली. चौथ्या दिवशी नवा नळ बसला. ती गाडी अजून त्यांच्याकडे आहे.

नळ ठीक असेल तर मात्र रेडिएटर आतून तुंबला असण्याचा संभव मोठा. आपल्या दख्खनच्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड. आंघोळीच्या बंबात जो पांढरा थर साचतो, तोच येथे साचतो. एक मिलिमीटर चुन्याचा थर उष्णता अडवण्यात निदान इंचभर जाडीच्या बिडाच्या बरोबरीचा असतो. तुंबलेला भाग ओळखण्याची सोपी युक्ती अशी, की इंजिन चांगले तापवून बंद करावे आणि रेडिएटरच्या पृष्ठभागावर जपून तळहात फिरवावा. मधेच थंड पट्टा लागला तर तेथून पाणी वाहत नाही. हल्ली दुरून तापमान दाखवणारी पिस्तुलासारखी यंत्रे मिळतात. ती असतील तर हात भाजण्याचा प्रश्नच नाही.

येथे हळदीविषयी बोललेच पाहिजे. रेडिएटर गळू लागला की त्यात मूठभर हळद टाकण्याची आपल्याकडे परंपरा आहे. जखमेला हळद, तशी रेडिएटरलाही! वाटेत अडलेल्या माणसाला ती घरी पोहोचवते, हे मी नाकारीत नाही. पण जी हळद भोक बुजवते ती नळ्याही बुजवते. हळदीला भोक आणि नळी यांतला भेद कळत नाही. घरी पोहोचल्यावर पाणी काढून, धुऊन, गळती डाग देऊन बंद करावी.

तिसरा प्रकार. सकाळी गाडी सुरू केली आणि पाच-सात मिनिटांतच काटा तांबड्या रेघेला टेकला. इतक्या लवकर तापण्यास पाणी कमी असले पाहिजे, किंवा थर्मोस्टॅट बंद अडकला असला पाहिजे, किंवा ज्याचे नाव काढताना मालकाचा चेहरा उतरतो ते हेड गॅस्केट गेले असले पाहिजे. थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरात होते. तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात, तळाला टेकणार नाही असा, लोंबकळत ठेवावा, शेजारी तापमापक धरावा. बहुधा त्याच्यावर अंश कोरलेले असतात, ८० किंवा ८२ वगैरे. त्या सुमारास दार उघडू लागले की तो निर्दोष.

आणि तो निर्दोष असेल तर त्याला परत जागेवर बसवावे. आपल्याकडच्या फिटरांनी थर्मोस्टॅटशी जुने वैर धरले आहे. ‘आपल्या हवेत कशाला हवा?’ असे म्हणून तो काढला जातो. विलायतेत थंडी म्हणून तो असतो, ही समजूत चुकीची आहे. तो नसला की पावसाळ्यात आणि हिवाळ्यात इंजिन आपल्या उष्णतेला पोहोचतच नाही. कच्चे पेट्रोल भिंतींवरून उतरून तेलात मिसळते, तेल पातळ होते, बोअर झिजतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तोच काढला तर गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता त्या आडवाटेने परत इंजिनात फिरत राहतो. म्हणजे ज्या तापासाठी तो काढला तोच वाढतो! दुसऱ्या बाजूनेही एक गैरसमज आहे, की थर्मोस्टॅट काढला तर पाणी इतक्या वेगाने पळते, की त्याला निवावयास वेळच मिळत नाही. तेही खरे नाही. पाणी जितके अधिक फिरेल तितकी अधिक उष्णता बाहेर पडते.

हेड गॅस्केटचे निदान मात्र घाईने करू नये, कारण ते खर्चाचे आहे. आणि टाळूही नये, कारण टाळणे त्याहून खर्चाचे. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरते. गाडी उकळत असताना ‘आता दोनच मैल उरले’ म्हणून रेटली, की हेड वाकते आणि गॅस्केट सांधा सोडते. मग सिलिंडरमधला जळता वायू पाण्यात शिरतो, किंवा पाणी सिलिंडरमध्ये किंवा तेलात. खुणा अशा. गळती कुठेच दिसत नाही पण गाडी पाणी खाते. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, पाणी कोमट होण्याआधीच, वरचा नळ दगडासारखा टणक होतो. सकाळी, इंजिन गार असताना, झाकण काढून रेडिएटर काठोकाठ भरावा आणि पट्टा उतरवून इंजिन जेमतेम मिनिटभर चालवावे. पाण्यात एकसारखे बुडबुडे आले, तर ते वायूचे. तेलाच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा रंग दिसला, तर पाणी तेलात गेले. पण तेल भरण्याच्या झाकणाखाली पावसाळ्यात थोडा पांढरट फेस दिसला, तर धास्ती घेऊ नये; जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणाने साचतो. शंका उरलीच, तर एक निळा द्रव मिळतो. रेडिएटरच्या तोंडाशी जमलेली हवा त्यातून ओढली आणि तो पिवळा पडला, तर तीत जळलेला वायू आहे. शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती पांढरी केलेली आठवते ना? रंग वेगळा, पण पकडावयाचा वायू तोच, कर्बवायू. एवढी साक्ष जमल्यावरच हेड उतरवावे, आणि उतरवल्यावर सरळ पट्टी लावून वाक पाहिल्याखेरीज नवे गॅस्केट घालू नये.

अ‍ॅम्बॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाचे हेड बिडाचे, त्यामुळे ते हा मार थोडा अधिक सोसते. म्हणून तिला गृहीत धरू नये, इतकेच.

काही ताप पाण्याच्या वाटेवर सापडतच नाहीत. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची टाच झिजत जाते, फट कमी होते, आणि ठिणगी उशिरा पडू लागते. उशिरा पेटलेले पेट्रोल पिस्टनला रेटण्याऐवजी भिंती आणि सायलेन्सर तापवते. गाडी जड वाटते, पेट्रोल जास्त खाते आणि घाटात तापते. या तीन तक्रारी एकत्र आल्या, तर रेडिएटरला हात लावण्यापूर्वी टायमिंग पाहावे. पुरता न सुटणारा ब्रेकही इंजिनाला असाच राबवतो. थोडे अंतर जाऊन थांबावे आणि चारही चाकांजवळ हात धरून पाहावा, एखादे चाक वेगळेच तापलेले कळते.

आणि काट्याची साक्षही तपासून घ्यावी. थंड गाडीची चावी फिरवताच काटा शेवटाला गेला, तर दोष तारेत आहे. याहून वाईट म्हणजे खोटे आश्वासन देणारा काटा. पाणी इतके उतरले की काट्याचा शोधक उघडा पडला, तर तो नुसती हवा मोजतो. इंजिन भाजत असते आणि काटा सुखरूप असल्याचे सांगतो. काटा एकाएकी खाली आला आणि गाडीचा आवाज कोरडा झाला, तर आनंद न मानता बाजूला थांबावे.

रेडिएटरमध्ये काय भरावे, हे पुष्कळांना विचारावयाचे असेल. नुसते पाणी उष्णता उत्तम वाहते. पण अ‍ॅल्युमिनियम, बीड आणि पितळ एकत्र भिजत ठेवले की गंज आणि झीज आलीच. म्हणून आत धुऊन घेऊन, शुद्ध केलेल्या पाण्यात निम्मे कूलंट घालावे. त्यातील ग्लायकॉल गोडसर पण विषारी असते. काढलेले पाणी अंगणात ओतू नये, मुले आणि कुत्री त्याला तोंड लावतात.

घाटात गाडी उकळलीच तर काय करावे, एवढे सांगून थांबतो, कारण अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. काटा चढू लागतो तेव्हाच एअरकंडिशनर असल्यास बंद करावा, ट्रकच्या मागे अगदी चिकटून चढू नये, खालच्या गियरमध्ये पंखा फिरता ठेवावा. वाफ दिसली की कडेला थांबून इंजिन बंद करावे, बॉनेट उघडावे आणि चहा घ्यावा. तापलेल्या इंजिनावर वरून गार पाणी ओतणारे मदतनीस लगेच जमतात. त्यांना नम्रपणे थांबवावे, कारण तापलेले हेड त्याने तडकते. पाऊण तासाने झाकण उघडावे, इंजिन सुरू करावे, आणि बाटलीतले पाणी, शक्य तर कोमट, बारीक धारेने, हवेचे बुडबुडे वर येऊ देत भरावे. किती पाणी मावले ते लक्षात ठेवावे; परतल्यावर फिटर पहिल्यांदा तेच विचारील. न विचारणारा भेटला, तर आपणच सांगावे.